ओळख काढायची कशी?



आपण शाळेत होतो तेव्हा पनवेलच्या बाजारात कुणीही थांबवून विचारायचं, "कुणाचा रे तू?" आता कुणी विचारत नाही. १८५२ची आपली नगरपालिका २०१६ साली महानगरपालिका झाली. इमारती वाढल्या, शेजारचं दार बंदच असतं. आता ओळख आपणच काढायला हवी.

सुरुवात नाव, गाव, पगार यांनी करू नये. समोरच्याला जे येतं, ते विचारावं. पावसाळ्याच्या तोंडावर बाजारात वाड्यांवरच्या बायका शेवळं घेऊन बसतात. "कशी दिली?" म्हटलं की घासाघीस सुरू होते. एकदा मी विचारलं, "मावशी, ही करायची कशी?" त्यांनी जुडी खाली ठेवली आणि सांगितलं, शेवळं घशाला खाजतात, म्हणून त्यात काकडं घालायची. मग डोंगर, पाऊस, नातवंडं, सगळं निघालं. आता भाजी घेतली नाही तरी त्या मला हाक मारतात.

लोकलमध्ये "कुठे उतरणार?" हे आपण सीटसाठी विचारतो. पनवेल ते सीएसएमटी सव्वा तासाहून जास्त प्रवास असतो, पुढे "रोज जाता का?" एवढंच विचारून पाहा. उत्तर तुटक आलं तर गप्प बसावं, माणूस दमलेला असतो. बोलू लागला तर मात्र मध्ये न तोडता ऐकावं.

आज इथेही कितीतरी चेहरे अनोळखी आहेत. जेवणाच्या रांगेत शेजारच्याला विचारा, "तुमच्या वेळी गणिताला कोण होतं?"