अंकांच्या दारावरील पहारेकरी

एखादा गृहस्थ कन्येच्या शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकावर भरीत आहे, असें समजा. वार्षिक उत्पन्नाच्या चौकटींत तो इंग्रजी अंकांनीं, रीतीप्रमाणें स्वल्पविराम देऊन, दीड लाखाची रक्कम मांडतो. अर्ज स्वीकारला जातो. परंतु दप्तरीं नोंद होते ती केवळ एका रुपयाची! गृहस्थानें खोटें लिहिलें नाहीं, यंत्रही बिघडलें नाहीं. मग हें घडलें कसें?

अर्जाच्या पानाबरोबर भरणाराच्या संगणकांत एक छोटीशी आज्ञावली येत असते. ती बहुधा जावास्क्रिप्ट या भाषेंत लिहिलेली असते. १९९५ सालीं नेटस्केप कंपनींत ब्रेंडन आइक यांनीं या भाषेचें पहिलें रूप अवघ्या १० दिवसांत सिद्ध केलें. तत्पूर्वीं भरलेला अर्ज दूरच्या सर्व्हरकडे जाऊन परत येई, तेव्हां कोठें चूक कळे. आतां ती जागच्या जागीं दाखवितां येऊं लागली.

हा दारावरचा पहारेकरी चपळ खरा, परंतु व्यवहाराला अगदींच अडाणी! त्याची 'पार्सफ्लोट' नांवाची क्रिया डावीकडून वाचूं लागते आणि अनोळखी चिन्ह दिसतांच थांबते. दीड लाखांतील पहिल्या स्वल्पविरामापाशीं ती थांबली, आणि हातीं उरला एक. 'नंबर' नांवाची दुसरी क्रिया अधिक कडक आहे. स्वल्पविराम दिसला कीं 'ही संख्या नव्हे' असें ती सांगते. मात्र रिकामी चौकट तिच्यापुढें ठेवली तर ती निमूटपणें शून्य देते! म्हणजे उत्पन्न न सांगणारा आणि उत्पन्नच नसणारा, दोघेही एका पंक्तीस बसले. देवनागरी अंक तर या दोन्ही क्रियांना मुळींच ओळखतां येत नाहींत.

यावर उपाय अवघड नाहींत. रकमेंतील स्वल्पविराम आधीं गाळावे, देवनागरी अंकांच्या जागीं इंग्रजी अंक घालावे, चौकट रिकामी नाहीं ना तें पाहावें, आणि मगच संख्या करावी. २०१४ सालीं प्रमाण ठरलेल्या एचटीएमएलच्या पांचव्या आवृत्तींत अंकांसाठीं स्वतंत्र चौकट आहे. तींत किमान व कमाल मर्यादा नेमून देतां येतात. परंतु पिनकोड किंवा बँकेचा खातेक्रमांक यांना ती योग्य नव्हे. हे रूपानें अंक असले तरी स्वभावानें नांवेंच होत; त्यांची बेरीज कोणी करीत नाहीं. त्यांना संख्या मानलें तर खातेक्रमांकाच्या आरंभींचें शून्य गळून पडतें. पिनकोडांत ६ अंक आहेत आणि पहिला शून्य नाहीं, एवढें तपासलें म्हणजे प्राथमिक काम झालें.

चूक सांगण्याचीही एक रीत आहे. नुसतें 'अवैध' म्हणून लिहिलेलें सारें पुसून टाकणें हा उद्धटपणा झाला. काय हवें तें स्पष्ट सांगावें आणि लिहिलेलें तसेंच राहूं द्यावें.

शेवटीं एक गोष्ट विसरूं नये. हा पहारेकरी अर्जदाराच्याच घरीं उभा असतो. मनांत आणील तो त्याला बंद करूं शकतो, किंवा वळसा घालून थेट सर्व्हरकडे मजकूर धाडूं शकतो. म्हणून सर्व्हरवर प्रत्येक आंकडा पुन्हां तपासलाच पाहिजे. दारावरची तपासणी असते ती प्रामाणिक माणसाच्या सोयीसाठीं. त्या गृहस्थाला तेथेंच "आपण दीड लाख लिहिले ना?" असें कोणी विचारलें असतें, तर मुलीचा अर्ज एका रुपयापायीं अडला नसता.