आधी विचारा, मग मेल पाठवा

३ मे १९७८ रोजी अमेरिकेत गॅरी थर्क या विक्री अधिकाऱ्याने कंपनीच्या संगणकांची जाहिरात अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरच्या सुमारे ४०० जणांना एकदम धाडली. न विचारता पाठवल्याबद्दल त्याला बोलणीही खावी लागली.

ई-मेल मार्केटिंग शिकताना संमतीचा हा धडा पहिला. विकतच्या याद्यांच्या वाटेला जाऊच नका. समजा, तुम्ही देवगड हापूस विकता. गेल्या हंगामातल्या गिऱ्हाइकांना विचारून यादी करा. पन्नासच नावं जमली तरी पुष्कळ. विषयाच्या ओळीत 'धमाका ऑफर' नको. 'पहिल्या पेट्या सोमवारी निघणार, डझनाचा भाव आत' असं लिहा, म्हणजे मेल उघडला जाईल. सगळे पत्ते 'टू'च्या रकान्यात मात्र भरू नका, ते सगळ्यांनाच दिसतात! मेलचिंपसारखी सेवा प्रत्येकाला वेगळा मेल पाठवते.

जाहिरातीचे रोज ५,००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांना जीमेलने २०२४ पासून एका क्लिकमध्ये यादीतून नाव काढण्याची सोय सक्तीची केली. तुमची यादी छोटी असली तरी ती सोय द्याच. आणि पहिला मेल आधी स्वतःलाच पाठवून मोबाइलवर वाचून पाहा.