तलाव कशासाठी, हे आधी ठरवा



सरपंचांना किंवा बचत गटाच्या अध्यक्षबाईंना ‘कसं चाललंय?’ विचारलं की एकच उत्तर येतं, ‘अजिबात फुरसत नाही.’ ते खरंही असतं. सकाळी पंचायत समिती, दुपारी तहसील, संध्याकाळी कुणाकडचं लग्न, आणि मधल्या वेळात फोन. पण अशा धावपळीत पाच वर्षं सरतात आणि गावासाठी नेमकं काय करायचं होतं, हे ठरवायचंच राहून जातं.

गोंदिया जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. अर्जुनी मोरगाव तालुका म्हणजे मामा, म्हणजेच माजी मालगुजारी तलावांचा मुलूख. त्यातले कितीतरी तलाव कोहळी समाजाच्या जाणकारीतून उभे राहिले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. त्यानंतर तिथे कामं झाली नाहीत असं नाही. कुठे गाळ काढला, कुठे कतला-रोहूचं बीज सोडलं. तरी गावठी मासा कमीच होत गेला आणि काठाने बेशरमाची झुडपं माजली.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी मात्र आधी मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या माणसांजवळ जाऊन बसले. मासा अंडी कुठे घालतो, पिल्लं कशात लपतात, कोणती पाणवनस्पती नाहीशी झाली, हे ढिवरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. त्यातून कामाची दिशा ठरली : तलाव पुन्हा जिवंत करायचा. मग उन्हाळ्यात बेशरम मुळासकट उपटली गेली, पावसाळ्यात चिखलात उतरून स्थानिक पाणवनस्पती लावल्या गेल्या. ढिवर बायाही या कामात पुढे होत्या. हळूहळू गावठी मासे परतले, त्यांच्यामागे पक्षीही आले.

मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती सुरुवातीचं ते बसणं. बाहेरून पाहणाऱ्याला तो रिकामा वेळ वाटला असता. प्रत्यक्षात पुढाऱ्याचं खरं काम तिथेच झालं.

म्हणून पदाधिकाऱ्यांना माझं सांगणं आहे, मुदत संपताना गावात काय बदललेलं हवं, ते एका वाक्यात वहीच्या पहिल्या पानावर लिहा. नवं काम अंगावर घेताना ते वाक्य वाचा. जे काम त्यात बसत नाही, ते उपसरपंचांकडे, सदस्यांकडे सोपवा, आणि सोपवलं की त्यात पुन्हा हात घालू नका. हेच सगळ्यांत जड जातं. लोक म्हणतील, ‘सरपंच आता भेटतच नाहीत.’ त्यांना आठवड्यातला एक ठरलेला वार सांगा आणि तो वार कधीही चुकवू नका.

वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. त्यातली एक तरी ‘गावात काय बदललेलं हवं’ या एकाच प्रश्नासाठी राखा. तिथे ढिवर, शेतकरी, पाण्याला जाणाऱ्या बाया यांना आधी बोलू द्या. तुमचं वाक्य त्यांचं ऐकून झाल्यावर वाचा आणि बदलावं लागलं तर तिथल्या तिथे बदला.