नांव हरवलेलीं लेंकरें

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाप्रसंगीं दिलेलें व्याख्यान)



या मंगल दिवशीं आपल्या धर्मग्रामाचीं जुनीं दप्तरें सर्वांच्या दर्शनासाठीं मांडलीं आहेत. सकाळपासून माणसें स्नानसंस्काराच्या वहीपुढें उभीं राहून आपापल्या आजा-आजींचीं नांवें शोधीत आहेत. नांव सांपडलें कीं चेहरा कसा उजळतो, हें आम्हीं पाहिलें. त्या वहींत श्रीमंत-गरीब असा भेद नाहीं; बापाचें नांव, आईचें नांव, धर्ममातापित्यांचीं नांवें आणि लेंकराचें नांव, एवढेंच. देवाच्या घरीं माणूस नांवानें येतो. म्हणूनच ज्यांचें नांवहि हिरावून घेतलें जातें, त्यांजविषयीं आम्ही आज बोलणार आहों. उत्सवाच्या दिवशीं माणसांच्या खरेदी-विक्रीची गोष्ट कशाला, असें कोणास वाटेल. परंतु मोशेच्या नियमशास्त्रांत जुबिलीचें वर्ष म्हणजेच दासांच्या सुटकेचें वर्ष होतें. सुटकेवांचून जुबिली नाहीं.

सुदान देशाच्या दारफूर प्रांतीं सुमारें १८६९ सालीं एक मुलगी जन्मली. ती लहान असतांनाच माणसें पळविणाऱ्यांनीं तिला उचलून नेलें. त्या भयानें ती स्वतःचें नांवच विसरली. पळविणाऱ्यांनीं तिला ‘बखिता’, म्हणजे भाग्यवती, असें नांव दिलें. दैवाची याहून क्रूर थट्टा ती कोणती? एका बाजारांतून दुसऱ्या बाजारांत ती अनेकदां विकली गेली. एका धन्याच्या घरीं तिच्या अंगावर शंभराहून अधिक नक्ष्या कोरून जखमांत मीठ भरण्यांत आलें. १८८३ सालीं खार्टूम येथें एका इटालियन वाणिज्यदूतानें तिला विकत घेतलें, आणि पुढें ती इटलींत आली. व्हेनिस येथें कनोसा संघाच्या भगिनींच्या सहवासांत तिला प्रभु येशूची ओळख झाली. मालकीण परत न्यावयास आली तेव्हां तिनें जाण्याचें नाकारलें. भगिनी तिच्या पाठीशीं उभ्या राहिल्या, प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि २९ नोव्हेंबर १८८९ रोजीं ती स्वतंत्र आहे असा निकाल मिळाला. ९ जानेवारी १८९० रोजीं तिचा स्नानसंस्कार होऊन ती जोसेफिन झाली. पुढें त्याच संघांत तिनें व्रतें घेतलीं, आणि ८ फेब्रुवारी १९४७ रोजीं स्कियो गांवीं ती प्रभूच्या घरीं गेली. १ ऑक्टोबर २००० रोजीं ख्रिस्तसभेनें तिला संतपद दिलें. २०१५ पासून तिच्या सणाचा ८ फेब्रुवारी हा दिवस मानवी व्यापाराविरुद्ध प्रार्थनेचा व जागृतीचा दिवस म्हणून जगभर पाळला जातो.

या चरित्रांतील एक गोष्ट आपण मनांत धरावी. भगिनींनीं नुसती प्रार्थना केली असती, तर मालकीण तिला हातीं धरून घेऊन गेली असती. त्यांनीं नुसता न्याय मागितला असता, तर बखिता मोकळी झाली असती. परंतु आपण कोणाचें लेंकरूं आहों हें तिला कळलें नसतें. त्यांनीं गुडघे टेकले, आणि मग उठून त्या तिच्या शेजारीं उभ्याहि राहिल्या. आमचें आज सांगणें तें इतकेंच.

बंदिवानांना सोडविण्याचें काम ख्रिस्तसभेस नवें नाहीं. १२१८ सालीं बार्सिलोना येथें संत पीटर नोलास्को यांनीं स्थापिलेल्या संघाचे सभासद बंदिवानाच्या जागीं स्वतः ओलीस राहण्याचें व्रत घेत. परंतु आपण सत्यहि सांगावें. १४५२ सालीं परमगुरु पाचवे निकोलस यांनीं पोर्तुगालच्या राजास अख्रिस्ती लोकांना दास करण्याची मोकळीक दिली. आपल्या वसईच्या किल्ल्यावर १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचें निशाण होतें. त्या काळीं त्यांच्या घरीं आफ्रिकेहून आणलेले गुलाम राबत. तीं घराणीं रविवारीं मिस्सेला जात असत. १९९२ सालीं परमगुरु दुसरे जॉन पॉल यांनीं आफ्रिकेच्या गोरे बेटावर उभें राहून ख्रिस्ती लोकांच्या या पापाची क्षमा मागितली. तेव्हां आपल्या प्रार्थनेचा आरंभ पश्चात्तापानेंच झाला पाहिजे.

आज साखळदंड दिसत नाहींत. योसेफास त्याच्या भावांनींच वीस रुप्यांस विकलें. आजहि विकणारा बहुधा ओळखीचाच असतो. दूरचा नातलग, गांवचा दलाल, नोकरीचा निरोप आणणारा मित्र. आपल्या ठाणें-पालघरच्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबें पावसाळ्यांतल्या उपासमारींत घेतलेल्या ‘उचली’पायीं बांधलीं जात, हिशेब धन्याच्या वहींत, आणि कर्ज फिटत नाहीं तें नाहींच. या वेठीविरुद्ध वसई तालुक्यांत श्री. विवेक पंडित व सौ. विद्युल्लता पंडित यांनीं दीर्घ लढा दिला, आणि १९९९ सालीं त्यांस गुलामगिरीविरोधी आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो लढा आपल्या शेजारींच चालला असतां आपण किती जण त्यांच्या बाजूस उभे राहिलों, याचा विचार ज्यानें त्यानें करावा. शिकलेलीं मुलेंहि सुरक्षित नाहींत. परदेशीं संगणकावरील नोकरीच्या आशेनें गेलेले तरुण म्यानमारच्या कुंपणांत कोंडले जाऊन त्यांजकडून लोकांस फसविण्याचें काम करविलें गेलें. अशा ५०० हून अधिक भारतीयांस मार्च २०२५ मध्यें सरकारनें परत आणलें.

आतां आमचा स्वतःचा अपराध सांगतों. आमच्या शेजारच्या घरीं दूरच्या प्रांतांतील एक मुलगी कामास होती. तिचा पगार आणणारा मनुष्यच घेऊन जाई. ती ख्रिस्तीच होती. रविवारीं शेवटच्या बांकावर बसे आणि मिस्सा संपतांच खालीं मान घालून निघून जाई. दोन वर्षें आम्हीं तिला पाहिलें. आम्ही तिला ‘पोरी’ म्हणत असूं. एके रविवारीं तो बांक रिकामा दिसला. ती कोठें गेली, हें आजहि आम्हांस ठाऊक नाहीं, आणि तिच्यासाठीं प्रार्थना करावयास बसलों कीं उच्चारावयास नांव नाहीं. देवास तें ठाऊक आहे. परंतु आम्हांस तें विचारावयास दोन वर्षें पुरलीं नाहींत.

म्हणून या महोत्सवाची आठवण म्हणून आपण तीन गोष्टी कराव्या, अशी आमची विनंती आहे. पहिली: आपल्या घरीं, वाडींत वा दुकानांत जो कोणी कामास आहे, त्याचें नांव, गांव आणि आईबाप विचारावे, पगार त्याच्याच हातीं द्यावा, त्याचीं कागदपत्रें अडकवून ठेवूं नयेत. अठरा वर्षांखालील मुलगी घरकामास ठेवूंच नये. दुसरी: परगांवीं वा परदेशीं जाणाऱ्या आपल्या मुलामुलींनीं ठिकाणाचा पत्ता व कराराची नक्कल घरीं ठेवून जावें, आणि परदेशीं धाडणारा दलाल सरकारदरबारीं नोंदलेला आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें. तिसरी: संशय आला तर मुलांसाठीं १०९८ व इतरांसाठीं ११२ या क्रमांकावर कळवावें. आपल्या राज्यघटनेचें २३ वें कलम मानवी व्यापारास व वेठीस मनाई करतें. १९७६ च्या कायद्यानें वेठबिगाराचें कर्ज रद्द होतें. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेप्रमाणें फसलेल्या माणसानें होकार दिला होता ही सबब चालत नाहीं. ‘ती आपखुशीनें गेली’, असें म्हणून आपणहि हात झटकूं नयेत.

आणि रोज सायंकाळीं घरांत माळेची प्रार्थना होते, तेव्हां एक ‘नमो मरिया’ हरवलेल्यांसाठीं म्हणावी. ती म्हणतांना दाराबाहेर कोणी उभें तर नाहीं, हेंहि पाहावें. संत बखितेनें स्कियोच्या मठांत स्वयंपाक केला, आणि पुढें पुष्कळ वर्षें ती मठाची द्वारपाल होती. जिच्यासाठीं एके काळीं सर्व दारें बंद होतीं, तिच्या हातीं देवानें दार उघडण्याचें काम दिलें. तेंच काम या धर्मग्रामास पुढील पन्नास वर्षें लाभो, आणि आपल्या शेवटच्या बांकावर बसणाऱ्या प्रत्येकाचें नांव आपणांस ठाऊक असो, हीच प्रभुचरणीं प्रार्थना. आमेन.