पथ्याच्या आधी ताट

निगडी, भोसरी, तळवडे, चाकणहून आलेल्या डॉक्टर मित्रमैत्रिणींनो,

जेवणाची सुट्टी जवळ आली आहे आणि मला जेवणावरच बोलायचं आहे, तेव्हा थेट विषयाला हात घालतो.

आपल्या ओपीडीतलं एक पोर तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचं आहे. तळहातानं नाक खालून वर चोळतं. चोळून चोळून नाकावर आडवी रेघ उमटलेली, डोळ्यांखाली काळसर, तोंड उघडं. आई सांगते, "डॉक्टर, केळं बंद केलं, दही बंद केलं, पेरू तर दाखवतही नाही. तरी सर्दी हटत नाही." दप्तरातला डबा उघडायला सांगावं, तर आत क्रीमची बिस्किटं आणि पाच रुपयांची चटपटीत पुडी. जे बाधत नव्हतं ते गेलं आणि पोषण नसलेलं तेवढं राहिलं. यात आपलाही हात आहे. पथ्य सांगितल्याशिवाय पेशंटला औषध लागू पडेल असं वाटत नाही, आणि आपणही पथ्य सांगून मोकळे होतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: नाकाच्या ॲलर्जीच्या भीतीनं मुलाचं ताट रिकामं करू नका, ते भरा.

शिंका आणणारी गोष्ट बहुतेक वेळा श्वासातून येते. गादीतले धूळकिडे, भिंतीवरची बुरशी, झुरळं, परागकण. आहाराचा संबंध या शिंकांच्या आधीचा आहे. बाहेरचं काय सोसायचं आणि कशावर उठायचं, हे प्रतिकारशक्ती आयुष्याच्या पहिल्या वर्षांत शिकत असते.

बाळाला कोणता पदार्थ कधी द्यावा, याबाबत वैद्यकानंही कोलांटी मारली आहे. 2000 साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सल्ला दिला, की ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना अंडं दोन वर्षांपर्यंत आणि शेंगदाणे, मासे तीन वर्षांपर्यंत देऊ नका. 2008 मध्ये तो मागे घेतला गेला. 2015 मध्ये लंडनमधल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष आले. त्यात धोक्यातल्या 640 बाळांपैकी निम्म्यांना लवकर शेंगदाणा दिला होता. त्या गटात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी निघाली. मात्र त्यामुळे नाकाची ॲलर्जी टळल्याचं दिसलं नाही, हेही आपण पालकांना सांगायला हवं.

नाकाविषयी थेट बोलते ती मुलांमधल्या दमा-ॲलर्जीची आंतरराष्ट्रीय आयझॅक पाहणी. तिच्या केंद्रांत आपलं पुणंही होतं, अकोलाही. 2013 मध्ये आलेल्या तिच्या विश्लेषणात आठवड्यातून तीन किंवा अधिक वेळा फास्ट फूड खाणाऱ्या मुलांत दमा, नाक-डोळ्यांची ॲलर्जी आणि इसब यांचा तीव्र त्रास जास्त आढळला. तितक्याच वेळा फळं खाणाऱ्यांत तीव्र दमा कमी होता. अशा पाहणीतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. पण म्हणून केळं काढून पुडी ठेवण्याला कोणता आधार मिळतो?

आता आपल्या पट्ट्याकडे या. चाकणच्या खोलीत लातूरचं किंवा बिहारचं कुटुंब राहतं. बाप नाइटला, आई फर्स्ट शिफ्टला, आजी गावी. उष्टावण गावीच करायचं, म्हणून दोघांची सुट्टी जुळेपर्यंत बाळ आठ महिन्यांचं होतं, आणि तोवर दुधात बुडवलेलं बिस्किट चालू. त्या आईला आहारावर व्याख्यान देणं सोपं आहे. तिच्या घड्याळात बसेल असं सांगणं हे आपलं काम. सहा महिने पूर्ण होताच वरणभात, नाचणीची पेज, कुस्करलेलं केळं, शिजवलेलं अंडं, भाजीत मिसळलेलं दाण्याचं बारीक कूट. अख्खा दाणा नको, तो श्वासनलिकेत अडकतो. आणि ताट सुधारलं म्हणून नाकातला फवारा बंद करायचा नाही, हेही बजावून सांगा.

दुपारच्या सत्रात मी तीन गोष्टींचा ठराव मांडणार आहे. एक, मुलाच्या केसपेपरवर 'काल दिवसभरात काय खाल्लं' ही ओळ असावी. दोन, खाल्ल्यावर थोड्याच वेळात पित्त उठणं, ओठ सुजणं, उलट्या होणं असा इतिहास किंवा तपासणीचा आधार असल्याशिवाय कोणताही पदार्थ बंद करू नये. तीन, मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017च्या दुरुस्तीनं 50 किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केलं. तिथे मुलांना काय खायला मिळतं, हे पाहायला आपण कारखान्यांच्या दारात जावं.

पहिल्या दोन गोष्टींना पैसा लागत नाही आणि कुणाची परवानगीही लागत नाही. त्या उद्या सकाळच्या ओपीडीपासून सुरू करू. तिसरीसाठी मला तुमच्यातली माणसं हवी आहेत. जेवताना नावं द्या.