मनाशीं बोलतांना



ध्वनिक्षेपकासमोर बसल्यावर तांबडा दिवा लागेपर्यंत वक्त्याला थोडासा वेळ मिळतो. खोलींत सर्वत्र शांतता असते. परंतु वक्त्याच्या आंत मात्र त्या वेळीं एक निराळेंच भाषण सुरू झालेलें असतें. माझ्या पहिल्या भाषणाच्या दिवशीं तें मीं नीट ऐकलें. "मी कसला वक्ता! आतां माझा आवाज कांपणार आणि घरोघरचीं माणसें हंसणार." आवाज खरोखरच कांपला. तो भीतीनें कांपला कीं त्या आंतल्या भाषणानें, याचा मीं पुढें पुष्कळ विचार केला. आणि त्या विचाराचें फळ आज आपणांपुढें ठेवीत आहें.

स्वतःविषयीं शंका वाटणें हा कांहीं दोष नाहीं. किंबहुना ज्याला कधींच शंका येत नाहीं, त्याच्या हातीं महत्त्वाचें काम देऊं नये. 'दुसरें पान मला नीट वाचतां येईल ना?' ही शंका उपयोगाची आहे. ती मनुष्याला तें पान पुन्हां वाचावयास लावते. परंतु 'मी कसला वक्ता!' हा निकाल आहे, आणि तोहि साक्षीपुरावा न घेतां दिलेला. शंकेला उत्तर देतां येतें. निकालापुढें मान तुकवावी लागते.

हा निकाल देणारा न्यायाधीश आपल्या आंत येतो कोठून? लेव्ह विगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाचा 'विचार आणि भाषा' हा ग्रंथ १९३४ सालीं, त्याच्या निधनानंतर, प्रसिद्ध झाला. लहान मूल खेळतांना स्वतःशींच मोठ्यानें बोलतें, हें आपण घरोघर पाहतों. विगोत्स्कीचें म्हणणें असें कीं, हें बोलणें मोठ्या माणसांशीं झालेल्या संभाषणांतून उगवतें, आणि मूल वाढूं लागलें कीं तेंच आंत वळून मूक होतें. म्हणजे मनांतली वाणी ही शिकलेली भाषा आहे. आणि जी भाषा शिकतां येते, ती सुधारतांहि येते.

ती सुधारावी कशी? फ्रान्समध्यें एमिल कुए या औषधविक्रेत्यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं एक सोपा मार्ग सांगितला. आपण दिवसेंदिवस सर्व बाजूंनीं सुधारत आहों, अशा अर्थाचें वाक्य सकाळसंध्याकाळ वीस वेळां पुटपुटावें. हा मार्ग कांहीं काळ फार लोकप्रिय झाला. परंतु नुसत्या स्तुतिपाठानें सर्वांचें काम भागत नाहीं. जोअन वुड व त्यांचे सहकारी यांनीं कॅनडांत केलेले प्रयोग २००९ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत, स्वतःला आधींच कमी लेखणाऱ्या लोकांनीं 'मी प्रेमास पात्र आहें' अशा अर्थाचें वाक्य वारंवार म्हटलें असतां त्यांना अधिकच वाईट वाटलें. मन भोळें नसतें. खोटी साक्ष तें ताबडतोब ओळखतें, आणि स्तुतीच्या प्रत्येक शब्दाला आपल्या एकेका फजितीची आठवण उत्तरादाखल पुढें करतें.

तेव्हां शब्द गोड करण्यापेक्षां बोलणाऱ्याची जागा बदलून पाहावी. अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाचे ईथन क्रॉस व त्यांचे सहकारी यांचे या विषयावरील प्रयोग २०१४ सालीं प्रसिद्ध झाले. ऐन वेळीं भाषण करावयास सांगितलेल्या माणसांपैकीं ज्यांनीं मनांतल्या मनांत 'मी' हा शब्द टाकून स्वतःला नांवानें किंवा 'तूं' म्हणून संबोधिलें, त्यांचीं भाषणें अधिक चांगलीं वठलीं, आणि मागाहून त्यांचें मन त्याच गोष्टीभोंवतीं कमी घुटमळलें.

महाराष्ट्राला ही रीत अपरिचित वाटूं नये. समर्थ रामदासांचे २०५ 'मनाचे श्लोक' मनालाच उद्देशून आहेत. त्यांत मनाची कानउघाडणी पुष्कळ आहे. परंतु आरंभींच त्याला हांक मारली आहे ती सज्जन म्हणून. ज्याला एकदां सज्जन म्हटलें, त्याचा उपमर्द करतां येत नाहीं. त्याला समजावूनच सांगावें लागतें.

मीं स्वतः काय केलें तें सांगतों. दुसऱ्या भाषणाच्या आदल्या रात्रीं मनांतलें वाक्य जसेंच्या तसें कागदावर उतरून काढलें. शेजारचा मुलगा वक्तृत्वस्पर्धेला निघाला असतां हें वाक्य मीं त्याला ऐकविलें असतें काय, असें स्वतःस विचारलें. 'बाळ, तूं कसला वक्ता!' माझी मलाच लाज वाटली. मग त्याला जें सांगितलें असतें तें खालीं लिहिलें: 'गेल्या खेपेस दुसऱ्या पानावर तुझा श्वास अडला, कारण वाक्य फार लांब होतें. तें तोडून दोन कर. तीन वेळां मोठ्यानें वाच. आवाज कांपला तरी थांबूं नकोस.' यांत स्तुति नाहीं कीं असत्य नाहीं. चूक कबूल केली आहे. फक्त तिचें ओझें माणसाच्या डोक्यावरून काढून वाक्यावर ठेवलें आहे. दुसऱ्या दिवशीं आवाज कांपलाच. पण पान पुरें झालें.

हा उपाय सर्व दुखण्यांवर चालेल असें मात्र मी म्हणत नाहीं. ज्याची झोंप व भूक उडाली आहे, ज्याला जगणेंच नकोसें झालें आहे, त्यानें व त्याच्या घरच्यांनीं डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावूं नये.

शेवटीं आईबापांना एक विनंती. आज आपल्या घरांत एखादें मूल गणिताची वही घेऊन बसलें असेल. त्याचें उत्तर चुकलें असतां 'तुला कांहीं येतच नाहीं' असें आपण म्हणालों, तर तें वाक्य त्या खोलींतच राहील असें समजूं नये. तें आंत वळेल. आणि वीस वर्षांनीं, आपण जवळ नसतांना, एखाद्या तांबड्या दिव्यासमोर तें त्याला पुन्हां ऐकूं येईल. 'तिसऱ्या ओळींत हातचा राहिला, पुन्हां बघ' असेंहि म्हणतां येतें. तें वाक्यहि त्याच्याजवळ तितकेंच टिकेल.