पंख कुठे मोडला?



या व्यासपीठावरून आपण अर्थशास्त्र, इतिहास, संतवाङ्मय अशा विषयांवर विद्वानांची व्याख्याने ऐकत आला आहात. कामगार संघटनेच्या कार्यकर्त्याला बोलावले म्हणजे तो वेतनावर नाही तर कायद्यावर बोलणार, अशी आपली अपेक्षा असणे साहजिक आहे. आज मात्र आम्ही एका छोट्या विमानाच्या मोडलेल्या पंखाविषयी बोलणार आहोत. कोणाला हसू आले तर आमची हरकत नाही. आमचे शालेय शिक्षण थोडके. पुढचे सारे वाचनालयात आणि यंत्रशाळेत झाले. लहान वस्तू उघडून पाहावी आणि तिच्यावरून मोठ्या वस्तूचा अंदाज बांधावा, ही कारागिराची रीत आम्हांला तिथेच लागली.

विमानांच्या लहान प्रतिकृती करून उडवण्याच्या छंदाला एरोमॉडेलिंग म्हणतात. हा पोरखेळ आहे असे समजू नये. सन १८७१ मध्ये आल्फोन्स पेनो या एकवीस वर्षांच्या फ्रेंच तरुणाने पॅरिसच्या त्वीलरी बागेत रबराच्या पिळावर चालणारे छोटे विमान उडवून दाखवले. ते ११ सेकंद हवेत राहिले आणि सुमारे ४० मीटर गेले. याच पेनोच्या कल्पनेवरून बनवलेले बांबू, बूच, कागद आणि रबराचे एक उडते खेळणे १८७८ मध्ये अमेरिकेतल्या मिल्टन राइट यांनी आपल्या दोन मुलांना आणून दिले. मुलांनी ते खेळून खेळून मोडले. मोडल्यावर ती रडत बसली नाहीत. त्यांनी तसलेच दुसरे स्वतः केले. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट.

पुढची गोष्ट आपणांस ठाऊक आहे, पण तिच्यातला एक भाग पुष्कळदा गाळला जातो. मनुष्य यंत्राने प्रथम उडाला ती तारीख १७ डिसेंबर १९०३. त्याच्या तीन दिवस आधी, १४ डिसेंबरला, विल्बरने प्रयत्न केला होता. विमान जेमतेम साडेतीन सेकंद वर राहिले, वाळूत आदळले आणि त्याचा पुढचा भाग मोडला. दुरुस्ती झाली, आणि मगच ऑर्व्हिलचे १२ सेकंदांचे उड्डाण घडले. म्हणजे पहिल्या उड्डाणाच्या आधी दुरुस्ती होती. आणि ते दोघे भाऊ एकटे नव्हते. इंजिन बनवले त्यांच्या दुकानातल्या चार्ली टेलर या यांत्रिकाने. विमान ओढायला आणि मदतीला किनाऱ्यावरच्या जीवरक्षक ठाण्याची माणसे आली होती; उड्डाणाचे जगप्रसिद्ध छायाचित्र त्यांच्यापैकीच जॉन डॅनियल्स यांनी काढले. इतिहासात दोन नावे मोठ्या अक्षरांत राहतात. हात मात्र पुष्कळांचे असतात.

आता आमच्या मंडळींकडे वळू. औद्योगिक वसाहतीच्या कडेला एक माळ आहे. रविवारी सकाळी वारा पडलेला असतो तेव्हा आम्ही दहाबारा जण तिथे जमतो. टूलरूममधून निवृत्त झालेले एक वृद्ध कारागीर आहेत. त्यांना सारे काका म्हणतात. एक सुतार, एक शिंपी, महाविद्यालयात शिकणारा एक मुलगा आणि कंत्राटावर काम करणारा एक विशीतला तरुण, अशी ही पंगत. या तरुणाने महिन्यामागून महिने पैसे बाजूला टाकून विमानाचा सांगाडा आणला. आम्ही सर्वांनी मिळून तो जोडला. पंखांचा पल्ला दीड मीटर, वजन दीड किलोच्या आतबाहेर, पुढे विजेची मोटार.

एका रविवारी उतरताना वाऱ्याचा झोत आला, डावे टोक आधी जमिनीला लागले, विमान गरकन फिरले आणि डावा पंख मुळापासून वीतभर अंतरावर मोडला. तरुणाचा चेहरा पांढरा पडला. कोणीतरी विचारलेच, "उतरवत कोण होतं?" तो मान खाली घालून म्हणाला, "मीच." त्याच्या त्या एका शब्दात आम्हांला कारखान्यातली सगळी चौकशी ऐकू आली. तेवढ्यात सुतार म्हणाला, "कोण होतं ते राहू द्या. आधी तुकडे वेचा. एक ढलपीसुद्धा सोडू नका."

हे तुकडे वेचणे फार महत्त्वाचे. मोडलेल्या लाकडाच्या दोन बाजू एकमेकींत नेमक्या बसतात. मूळ लांबी, मूळ बाक त्या तुकड्यांतच लिहिलेला असतो. आणि का मोडले, हेही तिथेच लिहिलेले असते. मात्र ते वाचता आले पाहिजे.

श्रोतेहो, असा पंख आतून कसा असतो ते थोडक्यात सांगतो. तो बाल्सा नावाच्या लाकडाचा असतो. हे झाड दक्षिण अमेरिकेतले. इक्वेडोर देशातून ते जगभर जाते. सागवान घनमीटरला सहाशे किलोच्या पुढे भरते, तर बाल्सा साधारण शंभर ते दोनशे किलो. पंखाच्या लांबीभर वर एक आणि खाली एक अशा दोन सडपातळ पट्ट्या जातात. तो पंखाचा कणा. त्यांवर आडव्या बरगड्या बसवतात आणि वरून पातळ फिल्म इस्त्रीने ताणून चढवतात. विमान उडते तेव्हा पंखाची टोके वर वाकू पाहतात. अशा वेळी वरची पट्टी दाबली जाते आणि खालची ताणली जाते. दोघींच्या मध्ये उभ्या तंतूंचे पातळ लाकूड भरलेले असते, म्हणून त्या एकमेकींशी इमानाने वागतात. ते मधले लाकूड निघाले, तर दोन्ही पट्ट्या धडधाकट असूनही पंख मिटतो. डावा आणि उजवा पंख जिथे जुळतात तिथे आतून प्लायवुडचा आधार दिलेला असतो.

आमचा पंख मोडला तो नेमका या आधाराचे टोक जिथे संपते तिथे. काकांनी भिंग काढले. आधाराचे टोक चौकोनी, एकदम तुटक कापलेले होते. भक्कम भाग एकाएकी संपला आणि नाजूक भाग एकाएकी सुरू झाला, की सारा ताण त्या रेषेवर गोळा होतो. मग त्यांनी सांध्याचा पृष्ठभाग पाहिला आणि ते गप्प झाले. चांगला चिकटलेला सांधा मोडताना लाकूड फाडून नेतो, त्याच्या दोन्ही तोंडांवर तंतू दिसतात. इथे प्लायवुड गुळगुळीत निघाले होते. गोंद धरलाच नव्हता.

थोड्या वेळाने काका म्हणाले, "हा जोड माझ्या हातचा. भर वैशाखातली दुपार होती. गोंद लावला आणि चहा आला म्हणून थांबलो. तोवर वर साय धरली असणार. खरवडून पुन्हा लावायला हवा होता."

तरुण म्हणाला, "पण काका, वाकडं उतरवलं ते मीच ना?"

"अरे, वाकडं उतरवलं तर टोक खरचटावं. पंख कशाला मोडावा?"

आम्ही तीस वर्षे कामगारांच्या चौकशांत त्यांच्या बाजूने बसत आलो आहोत. साठीच्या पुढचा, सर्वांनी मानलेला कारागीर एका पोरासमोर आपण होऊन असे बोलताना आम्ही क्वचितच ऐकले. ते बोलू शकले, कारण त्यांना कोणी "कोणी केले" असे दरडावून विचारले नव्हते. "कुठे मोडला" एवढेच विचारले गेले, आणि त्या प्रश्नाच्या पोटातून दुसरे उत्तर आपोआप बाहेर आले.

मग दुरुस्तीचा वाद सुरू झाला. कोणी म्हणाले, पंख नवाच करा. महाविद्यालयातला मुलगा म्हणाला, आत एक जाड कार्बनची सळी घाला, जन्मात मोडणार नाही. सुतार म्हणाला, "सळी मोडणार नाही खरी. पण ती जिथे संपेल तिथे पंख मोडेल. आजचं दुखणं हातभर पुढे ढकलशील." हे सर्वांना पटले. दुरुस्तीचा भाग फाजील ताठ झाला, तर तो शेजाऱ्याचा घात करतो.

शेवटी ठरले ते असे. कण्याच्या पट्ट्यांत नवे लाकूड तिरक्या सांध्याने घालायचे. आडवा कापून जोडलेला सांधा म्हणजे नुसता गोंदाचा भरवसा. तिरक्या सांध्यात लाकूड लाकडाला लांबवर भेटते. मोठ्या लाकडी विमानांच्या दुरुस्तीत हा उतार जाडीच्या दहाबारा पट ठेवतात. आमची पट्टी ६ मिलिमीटरची, म्हणजे उतार ७२ मिलिमीटरचा. वरचा आणि खालचा सांधा एकाखाली एक येऊ दिला नाही. प्लायवुडचा नवा आधार टोकाकडे निमुळता केला, म्हणजे ताण हळूहळू उतरेल. चुरडलेल्या तीन बरगड्या जुन्यांवरून आखून काढल्या आणि मधले लाकूड तंतू उभे ठेवून भरले. गोंद सुताराचा, सावकाश सुकणारा. रात्रभर दाबून ठेवला. क्षणात चिकटणारा गोंद सोयीचा खरा, पण तो चुकलेले सरळ करायला वेळ देत नाही. काम सपाट फळीवर केले, नाही तर पंखाला पीळ पडतो आणि विमान एका अंगावर झुकत राहते. फिल्म चढवायला आमचे शिंपीकाम करणारे स्नेही पुढे झाले. इस्त्री कुठे टेकवावी आणि कुठे नुसती फिरवावी, हे त्या हातांना शिकवावे लागत नाही.

पंख पूर्वीपेक्षा आठ ग्रॅमने जड भरला. उजव्या टोकाला थोडे वजन लावून तोल साधला. मग परीक्षा. दोघांनी विमान दोन्ही पंखांच्या अगदी टोकांना धरून उचलले. उडताना भार पंखभर वाटलेला असतो. टोकांवर उचलले, की मुळाशी त्याच्या जवळजवळ दुप्पट ताण येतो. लाकडाने हूं की चूं केले नाही. पुढच्या रविवारी विमान उडाले. उडवायला काकांनी त्या तरुणालाच उभे केले आणि उतरवतानाही त्याच्या हातातला रिमोट घेतला नाही. तो आता दर आठवड्याला येतो, आणि दुसऱ्याचे विमान मोडले की तुकडे वेचायला पहिला धावतो.

आता आमच्या मूळ धंद्याविषयी दोन शब्द. कारखान्यात यंत्र मोडले किंवा माल बिघडला, म्हणजे पहिला कागद निघतो तो आरोपपत्राचा. एका प्रसंगी एका कामगाराला निलंबित केले गेले आणि त्याच यंत्रावर दुसऱ्या महिन्यात दुसऱ्याच्या हातून तोच भाग पुन्हा मोडला. माणूस बदलला होता, भेग तशीच होती. अशा ठिकाणी शहाणा कामगार काय शिकतो? तुकडे लपवायला शिकतो.

विमानविद्येने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने १९५१ साली अपघातांच्या तपासासंबंधीचे तेरावे परिशिष्ट प्रथम स्वीकारले. आज त्यात असे स्पष्ट म्हटले आहे की, तपासाचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणे हा आहे, दोष किंवा दायित्व ठरवणे हा नव्हे. आपल्या देशातही २०१२ साली अशा तपासासाठी वेगळा ब्यूरो स्थापन झाला. याचा अर्थ जबाबदारी कोणाचीच नाही असा कोणी घेऊ नये. जाणूनबुजून निष्काळजीपणा करणाऱ्याला, मग तो मालक असो वा मजूर, जाब विचारलाच पाहिजे; त्यासाठी न्यायालये आहेत, संघटना आहेत. पण दोन्ही कामे एकाच टेबलावर, एकाच तोंडाने होऊ लागली, की पहिले काम मरते. सत्य सांगणारा माणूस आधी गप्प होतो, आणि मग पंख पुन्हा तिथेच मोडतो.

हल्ली फोमची तयार विमाने मिळतात. ती स्वस्त आहेत, नवशिक्यांना सोयीची आहेत. त्यांच्याशी आमचे वैर नाही. मोडली तर त्यांनाही गोंद लागतो. आमची विनंती इतकीच आहे. घरात मुलाच्या हातून काही मोडले, कचेरीत हाताखालच्याची हिशेबवही चुकली, तर ओठांवर येणारा पहिला प्रश्न क्षणभर थांबवा आणि तुकडे मागवून घ्या. ते टेबलावर मांडा, चार जाणती माणसे भोवती बसवा आणि कुठे मोडले ते पाहा. जोडणारे हात आपल्या गावात पुष्कळ आहेत. त्यांना बोलवावे मात्र लागते.